कोकणातून कपींच्या अभ्यासाकडे: नव्याने येणाऱ्यांसाठी

पदवीचे निकाल लागले की कोकणातून मला फोन यायला लागतात. कधी लांज्याहून, कधी कणकवलीहून, कधी श्रीवर्धनहून. मुलगी प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली असते, चिंपँझींवरचा एखादा माहितीपट तिच्या मनात घर करून बसलेला असतो आणि माणूस व माकडं यांचं नातं नेमकं काय, हे तिला आता शिकायचं असतं. मागून वडिलांचा आवाज येतो, “मॅडम, ह्यात पुढे काय आहे ते जरा स्पष्ट सांगा.” प्रश्न रास्त आहे. मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या गावात वाढले. पदवी प्राणिशास्त्राची, मग पुण्यात मानवशास्त्र, आणि आता दात आणि हाडं हेच माझं काम, तेच शिकवणं. फोनवर जे घाईघाईत सांगते ते इथे सविस्तर लिहिते. नोकरीचं पुढे येईलच, पण आधी विषय. या वाटेवर मधली काही वर्षं पैसा कमी आणि अनिश्चितता जास्त असते. त्या काळात माणसाला टिकवून धरते ती विषयाची ओढच.

आपल्या भागात दोन जातींची माकडं दिसतात. एक डोक्यावर टोपीसारखा केसांचा भोवरा असलेलं, तांबूस तोंडाचं माकड. दुसरं काळ्या तोंडाचं, लांब शेपटीचं वानर, म्हणजे आपला वांदर. दोघांपैकी कपी कोणीच नाही. कपी म्हणजे शेपूट नसलेले, रुंद छातीचे, लांब हातांचे प्राणी: गिबन, ओरांगउटान, गोरिला, चिंपँझी आणि बोनोबो. गिबनच्या वीसेक जाती आहेत आणि त्यांना लहान कपी म्हणतात. बाकीचे मोठे कपी. त्यांतले ओरांगउटान बोर्निओ आणि सुमात्रात राहतात, त्यांच्या तीन जाती. तिसरी, तापानुली, २०१७ मध्ये वेगळी ठरवली गेली. गोरिला, चिंपँझी आणि बोनोबो आफ्रिकेत. भारताच्या जंगलात कपी म्हणावा असा प्राणी एकच, हुलॉक गिबन, आणि तोही ईशान्येकडे, ब्रह्मपुत्रेच्या दक्षिणेला.

हे ऐकून मुलं हिरमुसतात. ज्याचा अभ्यास करायचा तो प्राणी हजारो कोस दूर, मग कोकणात बसून करायचं काय? माझं मत याच्या अगदी उलट आहे. कपींचा अभ्यास म्हणजे मुळात तुलनेचा अभ्यास. शेपटीची माकडं एका बाजूला आणि माणूस दुसऱ्या बाजूला ठेवल्याशिवाय कपी कळतच नाही. कोकणातल्या मुलाला या दोन्ही गोष्टी रोज अंगणात मिळतात. शहरातल्या विद्यार्थ्याला जे चित्रात शोधावं लागतं ते तुमच्या आगरात फणसाच्या झाडावर बसलेलं असतं. तेव्हा प्रवेश मिळेपर्यंत थांबू नका, काम आजच सुरू करा.

पहिल्यांदा खांदा बघा. वानर फांदीवरून धावतो तेव्हा चारही पाय फांदीवर टेकवतो, पोट खाली, शेपटी तोल सांभाळते. त्याची छाती अरुंद आणि खोल असते, खांद्याची पाती शरीराच्या कडेला असतात, त्यामुळे त्याचे पुढचे पाय मुख्यतः पुढे-मागे हलतात. आता तुम्ही आंब्याच्या फांदीला एका हाताने लोंबकळा आणि अंग फिरवून बघा. किंवा क्रिकेटमध्ये हात डोक्यावरून पूर्ण गोल फिरवून चेंडू टाकणाऱ्या मुलाकडे बघा. हे वानराला जमत नाही. आपली छाती रुंद आणि चपटी आहे, खांद्याची पाती पाठीवर आहेत आणि खांद्याचा सांधा सगळीकडे फिरतो. ही देणगी फक्त माणसाची नाही, सगळ्या कपींची आहे. गिबन तर हाताला हात लावत झाडाझाडांतून झोके घेतच जातो. आपण आता झाडांत राहत नाही, पण खांदा मात्र त्याच घराण्याचा राहिला आहे.

मग दात. आरशासमोर उभे राहा आणि खालच्या पहिल्या दाढेचा माथा बघा. दिसत नसेल तर ओळखीच्या दंतवैद्याकडून प्लास्टरचा साचा मागा. त्या दाढेवर बहुधा पाच उंचवटे असतात आणि त्यांच्यामधल्या खाचा इंग्रजी वाय अक्षरासारख्या दिसतात. हीच रचना कपींच्या दाढांत सापडते. आपल्या माकडाच्या आणि वानराच्या दाढांवर मात्र उंचवटे जोडीजोडीने येऊन दोन आडव्या धारा तयार होतात. या एका फरकावर जीवाश्मांच्या जगात केवढ्या गोष्टी ठरतात! दात हा शरीरातला सगळ्यांत टिकाऊ भाग. लाखो वर्षांपूर्वीच्या प्राण्याची अनेकदा एखादी दाढच हाती लागते, आणि तिच्यावरून तो माकडाकडचा की कपींकडचा हे सांगता येतं. मी याच कामात रमले. पुण्यात पहिल्यांदा साच्यावर भिंगाखाली ती वायची खाच स्वतः ओळखली, तेव्हा आपण कोणत्या खोलीत काम करणार हे माझं ठरून गेलं.

पोटाकडेही लक्ष द्या. माकड काजूच्या बागेत शिरलं की गाल फुगेपर्यंत कोंबतं, मग दूर जाऊन निवांत खातं. त्याच्या गालांत पिशव्या असतात. वानराच्या गालात पिशव्या नसतात. त्याचं जठर कप्प्याकप्प्यांचं असतं, त्यात पानं आंबतात आणि मग पचतात. म्हणून तो कोवळ्या पालवीवर दिवस काढू शकतो. कपींकडे यातलं काहीच नाही, ना गालात पिशवी ना कप्प्यांचं जठर. ते मुख्यतः पिकल्या फळांवर जगणारे. गोरिला मात्र पालाही भरपूर खातो आणि मोठ्या आतड्याच्या जोरावर पचवतो. एका आगरात दोन जातींची माकडं कशी नांदतात, कोण कधी काय खातं, एवढंच नीट लिहून ठेवलं तरी तुमची पहिली वही तयार होते.

शेपटीचं काय झालं, हा प्रश्न मुलं हमखास विचारतात. आपल्या अंगात तिचा मागे राहिलेला भाग म्हणजे माकडहाड, काही मणके एकत्र जुळून झालेलं. साधारण अडीच कोटी वर्षांपूर्वी कपींची शाखा शेपटीच्या माकडांपासून वेगळी झाली, आणि त्या शाखेत शेपूट गेलं. २०२४ मध्ये नेचर या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासाने त्याचा एक धागा दाखवला. टीबीएक्सटी नावाच्या जनुकात घुसलेला डीएनएचा छोटा तुकडा कपींत आणि माणसांत आहे, माकडांत नाही. आणि उंदरांत त्या जनुकाचं काम तशाच प्रकारे बदललं तर त्यांची शेपटी आखूड होते किंवा येतच नाही.

आता नात्याकडे. सगळ्यांत जास्त गोंधळ इथे आहे, आणि फोनवर माझा सगळ्यांत जास्त वेळही इथेच जातो. “माकडापासून माणूस झाला तर आत्ताची माकडं अजून माणूस का होत नाहीत?” हा प्रश्न गावातल्या वडीलधाऱ्यांपासून पदवीधरांपर्यंत सगळे विचारतात. मी त्यांना गावच्या भाऊबंदांची आठवण करून देते. एका मूळ घराच्या शाखा फुटतात, कोणी वरच्या वाडीत जातो, कोणी खालच्या, कोणी मुंबईला. चार पिढ्यांनी सगळे एकाच कुळाचे असतात, गणपतीत एकत्र येतात, पण आपण चुलत भावाच्या पोटी जन्मलो असं कोणी म्हणत नाही. चिंपँझी आपला पूर्वज नाही. त्याचे आणि आपले पूर्वज एक होते आणि साधारण साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वी शाखा वेगळ्या झाल्या. चिंपँझी आणि बोनोबो हे एकमेकांना त्याहून कितीतरी जवळचे. गोरिलाची शाखा त्याआधीची, ऐंशी लाख ते एक कोटी वर्षांपूर्वीची. ओरांगउटानची सव्वा ते दीड कोटी वर्षांपूर्वीची, आणि गिबनची त्याच्याही आधीची. आगरातलं माकड आणखी लांबच्या शाखेतलं. त्याची आणि आपली फारकत अडीच ते तीन कोटी वर्षांपूर्वीची.

या वंशावळीतून निघणारी एक गोष्ट पचायला जड जाते, म्हणून ती मी आवर्जून सांगते. चिंपँझीचा सगळ्यांत जवळचा नातेवाईक गोरिला नव्हे. बोनोबो सोडला तर तो नातेवाईक माणूस आहे. दिसायला चिंपँझी आणि गोरिला एका बाजूचे वाटतात, दोघेही बोटांच्या पेरांवर भार टाकून चालतात, दोघांच्याही अंगावर केस. पण रक्ताचं नातं दिसण्यावर चालत नाही. त्यामुळे माणूस एका बाजूला आणि कपी दुसऱ्या बाजूला अशी रेघ शास्त्रात मारता येत नाही. आपणही कपीच आहोत, दोन पायांवर चालणारे.

पुरावा कुठला? चिंपँझीचा जीनोम, म्हणजे त्याच्या सगळ्या डीएनएचा आराखडा, २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. डीएनएची अक्षरं एकास एक लावून पाहिली तेव्हा माणसात आणि त्याच्यात साधारण सव्वा टक्का अक्षरं वेगळी निघाली. वर्तमानपत्रांत येणारा ९८.८ टक्के हा आकडा तिथला. तो बरोबर आहे, पण अर्धा आहे. जे तुकडे एकात आहेत आणि दुसऱ्यात नाहीतच, ते धरले तर फरक वाढतो. परीक्षेत आकडा लिहिताना कशाची तुलना केली आहे हेही लिहायची सवय लावा. गोरिलाचा जीनोम २०१२ मध्ये आला आणि त्यातून गंमत दिसली. एकूण नातं चिंपँझीशी जवळचं असलं, तरी जीनोमच्या साधारण तीस टक्के भागात गोरिला हा माणसाला किंवा चिंपँझीला जास्त जवळचा दिसतो, त्या दोघांच्या आपसातल्या जवळिकीपेक्षाही. शाखा थोड्या काळात पाठोपाठ फुटल्या की असं होतं. वर्गात हे समजायला वेळ लागतो; लागू द्या.

गुणसूत्रांचा पुरावा मला जास्त भावतो, कारण तो सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांनी दिसतो. चिंपँझी, गोरिला, ओरांगउटान या सगळ्यांना ४८ गुणसूत्रं, माणसाला ४६. आपलं दुसऱ्या क्रमांकाचं गुणसूत्र पूर्वजांतली दोन जोडून तयार झालं आहे. गुणसूत्रांच्या टोकांना जी विशिष्ट अक्षरमाला असते ती या गुणसूत्राच्या मध्ये सापडते, आणि दुसऱ्या गुणसूत्रमध्याचे, म्हणजे गुणसूत्राच्या कंबरेसारख्या जागेचे, अवशेषही त्यात आहेत. कोणी वंशावळीबद्दल शंका काढली तर मी हेच चित्र समोर ठेवते.

काही नाती दुखण्यांतूनही कळतात. रक्तातलं युरिक अॅसिड मोडणारं युरिकेज हे एन्झाइम बहुतेक सस्तन प्राण्यांत काम करतं. माणसात, मोठ्या कपींत आणि गिबनमध्ये त्याचं जनुक निकामी झालं आहे. आमच्या किनाऱ्यावर मासळीच्या जेवणानंतर ज्यांच्या अंगठ्याचा सांधा सुजतो त्यांच्या त्रासामागे खाणं आहेच, पण हा जुना वारसाही आहे. क जीवनसत्त्व तयार करणारं जनुक त्याहून आधी बिघडलं. ते माकड, वानर आणि आपण अशा सगळ्यांतच निकामी आहे, म्हणून करवंद आणि आवळा त्यांनाही लागतो आणि आपल्यालाही.

माणूस या घराण्यातून वेगळा कुठे झाला? पहिला मोठा बदल मेंदूचा नव्हता, पायांचा होता. पाठीचा कणा जिथे कवटीला मिळतो ते भोक चिंपँझीत मागे सरकलेलं असतं, आपल्यात तळाच्या मध्याकडे. आपली कंबर रुंद आणि वाडग्यासारखी, मांडीचं हाड गुडघ्याकडे आत झुकलेलं, पायाचा अंगठा इतर बोटांच्या रांगेत. टांझानियात लेटोली इथे राखेत उमटलेली पावलं ३६ लाख वर्षांहून जुनी आहेत. इथिओपियात १९७४ मध्ये सापडलेली ल्युसी साधारण ३२ लाख वर्षांपूर्वीची. ती दोन पायांवर चालत होती, पण मेंदू चिंपँझीपेक्षा फारसा मोठा नव्हता. मोठा मेंदू फार उशिरा आला.

भारतातल्या विद्यार्थ्याने एक प्रकरण मात्र मुळापासून वाचायलाच हवं, आणि ते रामापिथेकसचं. शालेय आणि स्पर्धा परीक्षांच्या बऱ्याच पुस्तकांत हे नाव अजून मानवाचा पहिला पूर्वज म्हणून भेटतं. हिमाचलातल्या हरितल्यांगर भागात १९३२ मध्ये येल विद्यापीठाच्या जी. एडवर्ड लुईस यांना वरच्या जबड्याचा तुकडा मिळाला. त्यांनी त्याला रामाचं नाव दिलं. १९६० च्या दशकात एल्विन सायमन्स आणि डेव्हिड पिलबीम यांनी तो माणसाच्या शाखेतला म्हणून पुढे आणला. दात लहान, जबड्याची कमान माणसासारखी, वय सव्वा-दीड कोटी वर्षांच्या घरात. चित्र सुंदर जुळत होतं. पण कमान जुळवली होती ती तुटक्या तुकड्यांवरून. इकडे १९६७ मध्ये व्हिन्सेंट सॅरिच आणि अॅलन विल्सन यांनी रक्तातल्या प्रथिनांची तुलना करून माणूस आणि चिंपँझी जेमतेम पन्नास लाख वर्षांपूर्वी वेगळे झाले असं मांडलं. हाडांवाल्यांनी ते मानलं नाही. मग पाकिस्तानातल्या पोटवार पठारावर शिवापिथेकस या जीवाश्म कपीचा चेहरा मिळाला, आणि १९८२ मध्ये पिलबीम यांनी तो प्रसिद्ध केला. डोळ्यांच्या उंच अंडाकृती खोबण्या, दोन डोळ्यांमध्ये कमी अंतर, आत वळलेला चेहरा; हा ओरांगउटानचा तोंडवळा होता. रामापिथेकस हा त्याच शिवापिथेकसमध्ये विलीन झाला. ज्यांनी आधी मत मांडलं होतं त्या पिलबीम यांनी स्वतःच ते सोडलं. मी हे प्रकरण दर वर्षी पहिल्या महिन्यात शिकवते. एक दाढ, एक जबडा, एक चेहरा, एक थेंब रक्त यांपैकी कोणाचं वजन किती, हे इथे जितकं स्पष्ट दिसतं तितकं दुसऱ्या कुठल्याच धड्यात दिसत नाही.

हरितल्यांगर आणि पोटवार इथले हे जीवाश्म ज्या शिवालिकच्या खडकांतले, त्या शिवालिकची कहाणी तिथे संपलेली नाही. जम्मूजवळच्या रामनगर इथे मिळालेल्या सुमारे एक कोटी तीस लाख वर्षांपूर्वीच्या एका दाढेला २०२० मध्ये ‘कपि रामनगरेन्सिस’ हे नाव मिळालं. ती गिबनच्या घराण्यातली मानली गेली. म्हणजे जीवाश्मांत काम करायचं तर आफ्रिकेलाच जावं लागतं असं नाही. चंदीगडचं पंजाब विद्यापीठ आणि डेहराडूनची वाडिया हिमालय भूविज्ञान संस्था यांचं शिवालिकवर जुनं काम आहे. नर्मदेच्या खोऱ्यात हथनोरा इथे १९८२ मध्ये अरुण सोनकिया यांना मिळालेल्या मानवी कवटीबद्दलही वाचा.

आणखी एक नाव मराठी विद्यार्थ्याला माहीत असायलाच हवं. इरावती कर्वे यांना आपण लेखिका म्हणून ओळखतो. त्या मुरुडच्या कर्व्यांच्या सून, महर्षी धोंडो केशव कर्वे त्यांचे सासरे. १९२८ मध्ये त्या बर्लिनला गेल्या आणि कवट्यांच्या दोन बाजूंतल्या असमानतेवर त्यांनी पीएच.डी. केली. मार्गदर्शक ऑयगेन फिशर यांचा कल वंशश्रेष्ठत्वाकडे होता. गोऱ्यांच्या कवटीची ठेवण वेगळी निघेल ही त्यांची अपेक्षा होती. इरावतीबाईंनी मोजमापं घेतली आणि असमानतेचा वंशाशी संबंध दिसत नाही असं लिहिलं. नाझीपूर्व बर्लिनमध्ये, परक्या देशातून आलेल्या तरुण बाईने. आपल्या विषयाचा इतिहास फार काळाकुट्ट आहे. माणसांच्या कवट्या मोजून त्यांना कपींच्या जवळ-लांब ठरवण्याचे उद्योग अनेक दशकं चालले. आजचा अभ्यास सांगतो की सगळी माणसं चिंपँझीपासून सारख्याच अंतरावर आहेत. कवट्या मोजायचं कॅलिपर हातात घेण्याआधी हे कळलेलं असणं मी अत्यावश्यक समजते.

आता प्रत्यक्ष काम. घराजवळची एकच टोळी निवडा आणि रोज ठरावीक वेळी तिच्याकडे जा. आठवेल ते लिहिणं म्हणजे निरीक्षण नव्हे. जीन ऑल्टमन यांनी १९७४ मध्ये निरीक्षणाच्या पद्धती नीट मांडल्या, त्या आजही वापरतात. एकाच प्राण्यावर ठरलेली मिनिटं नजर ठेवून सगळं लिहायचं, याला फोकल सॅम्पलिंग म्हणतात. ठरावीक अंतराने सगळ्या टोळीवर नजर फिरवून कोण काय करतंय ते टिपायचं, हे स्कॅन सॅम्पलिंग. या दोन पद्धती हाताला बसल्या की पुढे हुलॉक गिबन असो वा चिंपँझी, काम तेच. शेपटीच्या माकडांत सहसा माद्या जन्मभर टोळीत राहतात, नर मोठे झाल्यावर बाहेर पडतात. हे तुमच्या माकडांत दिसतं का बघा. चिंपँझींत याच्या उलट, मुलगे राहतात आणि बहुतेक मुली वयात आल्यावर दुसऱ्या टोळीत जातात. घाटापलीकडे धारवाडला युकिमारू सुगियामा या जपानी संशोधकाने १९६० च्या दशकात वानरांच्या टोळ्या पाहिल्या. नवा नर टोळी ताब्यात घेतो तेव्हा आधीच्या नराची पिल्लं मारली जातात, ही नोंद त्यांनी केली आणि जगभर वाद पेटला. वानर आपल्याकडचेच होते.

शेतकऱ्यांशी नम्रपणे वागा. नारळ, काजू, केळी यांचं नुकसान होऊन जेरीस आलेल्या माणसाला ‘मी माकडांचा अभ्यास करते’ म्हटल्यावर राग येणारच. आधी त्याचं ऐका आणि तेही वहीत लिहा. तो वर्षानुवर्षं त्या टोळीकडे बघतो आहे. माकडांना खायला कधीही घालू नका. आणि माकडतापाची खबरदारी घ्या. कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात १९५७ मध्ये ओळखलेला हा आजार २०१६ पासून दोडामार्ग भागात आढळला आहे. तो गोचिडीतून पसरतो, आणि माकडं मरून पडणं ही त्याची सूचना असते. मेलेल्या माकडाला हात लावू नका, आरोग्य केंद्राला आणि वनखात्याला कळवा. सिंधुदुर्गात हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत रानात जाताना अंगभर कपडे घाला आणि परतल्यावर अंग तपासा. रानात कवटी किंवा हाडं दिसली तर फोटो काढा, जागा लिहा, पण घरी आणू नका. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा विद्यार्थ्यालाही लागू होतो.

खरा कपी कधी ना कधी पाहायलाच हवा. सगळ्यांत जवळ मैसूरचं प्राणिसंग्रहालय. तिथे २०२१ पासून गोरिला आणि ओरांगउटान पाहता येतात, चिंपँझीही आहेत. पिंजऱ्यातलं वागणं हे रानातलं वागणं नसतं, तरी गोरिला पेरांवर कसा चालतो आणि ओरांगउटान मूठ कशी टेकवतो हे तिथे छान दिसतं. रानातला पाहायचा तर आसाममध्ये जोरहाटजवळ होलोंगापार गिबन अभयारण्य. मी पहाटे तिथे गेले होते. नर काळा, मादी तपकिरी-सोनेरी, दोघांच्याही भुवया पांढऱ्या, आणि दोघं मिळून गात असलेलं ते गाणं जंगलभर घुमत होतं. रेल्वेमार्गाने ते अभयारण्य दोन भागांत तोडलं आहे. गिबन सहसा जमिनीवर उतरत नाही, त्यामुळे रुळांपलीकडचं जंगल त्याला परकंच राहतं. हे बघून मला अतिशय वाईट वाटलं, आणि अजूनही वाटतं.

अवजारांबद्दल एक गोष्ट सांगून पुढे जाते. संशोधक जेन गुडाल १९६० मध्ये टांझानियातल्या गोंबेला गेल्या आणि चिंपँझी काडीने वाळवी काढून खातो हे त्यांनी पाहिलं; तोवर अवजार बनवणं ही माणसाचीच खूण मानत. पण थायलंडच्या किनाऱ्यावरची लांब शेपटीची माकडंही दगडाने कालवं फोडतात. आपल्या खाडीवर बायका लोखंडी हत्याराने तेच काम करतात. म्हणजे अवजार हा कपींचाही मक्ता नाही. एकेका गुणावरून नातं ठरवायला गेलं की हे असं हातातून निसटतं.

शिक्षण आणि नोकरीचं आता थेट. पदवीला प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र, भूशास्त्र काहीही चालतं. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात मानवशास्त्र विभाग आहे. डेक्कन कॉलेजात पुरातत्त्व शिकताना मानवी अवशेषांकडे वळता येतं. प्राण्यांच्या वर्तनाकडे ओढ असेल तर डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि बंगळुरूचं राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र (एनसीबीएस) बघा. तिथली प्रवेश परीक्षा कठीण आहे, तयारी वर्षभर आधी हवी. पुढे संशोधनासाठी राष्ट्रीय पात्रता परीक्षा: यूजीसी-नेट, मानवशास्त्र विषयात, किंवा जीवशास्त्रातून सीएसआयआर-नेट. त्यातून जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची शिष्यवृत्ती, मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये मिळतात. घरी पैसे पाठवायची जबाबदारी असेल तर या आकड्याचा विचार करूनच दिशा ठरवा. नोकऱ्या थोड्या आहेत: महाविद्यालयं, १९४५ मध्ये स्थापन झालेलं भारतीय मानववैज्ञानिक सर्वेक्षण, संग्रहालयं, जनुकशास्त्राच्या प्रयोगशाळा, न्यायवैद्यक कामात हाडांची ओळख, वन्यजीव प्रकल्पांत संशोधन सहायक. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत मानवशास्त्र हा वैकल्पिक विषय आहे आणि त्यात प्राइमेट (माकडं, कपी आणि माणूस ज्यात येतात तो गट) व मानवी उत्क्रांती येते; अनेक मराठी मुलं तो घेतात, आणि तयारी फुकट जात नाही.

वाचन बहुतेक इंग्रजीत आहे, त्याला घाबरू नका. मराठी विश्वकोशातल्या गिबन, गोरिला, चिंपँझी या नोंदी आधी वाचा, कल्पना आपल्या भाषेत पक्की करा, मग शोधनिबंधाला हात घाला. पहिल्यांदा आकृत्या, मग सारांश, मग पद्धत. पुण्याला पहिले सहा महिने इंग्रजीत बोलताना जीभ अडखळते, पण हाड हातात दिल्यावर ते डाव्या बाजूचं की उजव्या, हे ओळखणाऱ्याला कोणी मागे टाकत नाही.

आणि प्राध्यापकांना पत्र लिहाल तेव्हा ‘मला लहानपणापासून प्राण्यांची आवड आहे’ हे वाक्य लिहू नका, सगळेच लिहितात. तुमच्या आगरातल्या टोळीत किती नर, किती माद्या, किती पिल्लं, त्यांनी कोणत्या महिन्यात काय खाल्लं, आणि त्यातलं काय तुम्हाला कळलं नाही, हे लिहा. वहीच्या दोन पानांचे फोटो जोडा. माझ्याकडे अशी पत्रं आली तर मी त्यांना त्याच दिवशी उत्तर देते.